शून्य पत्त्यावर कोण राहतं? सी भाषेतल्या एका लॉग-ओळीचा इतिहास

पिंपरी-चिंचवड, हिंजवडी, चाकण या पट्ट्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करायचं म्हणजे सी भाषा आलीच. गाडीतल्या कंट्रोल युनिटसाठी लिहिलेला कोड बऱ्याचदा आधी ऑफिसातल्या लिनक्स कॉम्प्युटरवर तपासतात, मग तोच कोड छोट्या मायक्रोकंट्रोलरवर जातो. दोन्हीकडे न बदलता चालला तर तो पोर्टेबल. आता प्रश्न असा, की लॉगमध्ये छापायची स्ट्रिंग नल निघाली तर काय होतं? उत्तर दर मशीनवर वेगळं मिळतं. ते का, हे इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधी एक फरक पक्का करू. रिकामी स्ट्रिंग म्हणजे कोरी चिठ्ठी. नल म्हणजे चिठ्ठीच नाही. सीमध्ये स्ट्रिंग ओळखतात ती तिच्या पहिल्या अक्षराच्या पत्त्यावरून, आणि ती संपते शून्य बाइटवर. नल म्हणजे 'पत्ताच नाही', पण बहुतेक मशीनवर तो शून्य पत्ता म्हणूनच साठवतात. 'काहीच नाही' दाखवणारा असा संदर्भ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू भाषेत आणला. २००९ मध्ये त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

१९८० च्या दशकात बीएसडी युनिक्स चालायचं व्हॅक्स मशीनवर. तिथे शून्य पत्ता वाचता यायचा आणि तिथे शून्य बाइट असायचा. म्हणून नल छापला तरी रिकामी स्ट्रिंग छापली जायची, कुणाला पत्ता लागायचा नाही. तेच प्रोग्राम सन कंपनीच्या मशीनवर नेले की कोसळायचे. सगळं जग म्हणजे व्हॅक्स नव्हे, असं हेन्री स्पेन्सर यांनी सी प्रोग्रामरांसाठीच्या आपल्या गमतीशीर 'दहा आज्ञां'मध्ये बजावलं, ते याच काळातल्या सवयींमुळे. पुढे सोलारिसमध्ये तर शून्य पत्त्यावर मुद्दाम शून्य आणून ठेवणारी एक लायब्ररीच दिली गेली, चुकीचे जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून! लिनक्सवरच्या जीएनयू सी लायब्ररीने तिसरा मार्ग धरला: प्रिंटएफला नल मिळाला तर ती कंसात 'नल' असा शब्द छापते.

१९८९ च्या सी प्रमाणानुसार यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. स्ट्रिंगच्या जागी नल देणं म्हणजे अव्याख्यात वर्तन. म्हणजे 'क्रॅश होईल' असंही नाही. काहीही झालं तरी चालेल, एवढंच. जीसीसी कंपायलर याचा फायदा घेतो. नुसती एक स्ट्रिंग आणि नवी ओळ छापायची असेल, तर तो प्रिंटएफच्या जागी गुपचूप पुट्स बसवू शकतो. पुट्स नल सांभाळत नाही, आणि प्रोग्राम पडतो. त्याच स्ट्रिंगआधी 'नाव:' एवढं जोडलं की पुन्हा सगळं ठीक दिसतं. मशीन एक, लायब्ररी एक, निकाल दोन.

मायक्रोकंट्रोलरवर गोष्ट आणखी वेगळी. वाहन उद्योगासाठीच्या मिस्रा सी नियमांची पहिली आवृत्ती १९९८ ची. हे नियम प्रत्यक्ष गाडीत जाणाऱ्या कोडमध्ये प्रिंटएफसारखी फंक्शन्स वापरू देत नाहीत. त्यामुळे लॉगर स्वतःचा असतो, आणि नल सांभाळायची जबाबदारीही स्वतःची. कॉर्टेक्स-एम चिपवर शून्य पत्त्यापाशी सहसा स्टॅकचा सुरुवातीचा पत्ता असतो, आणि त्याचा पहिला बाइट बऱ्याचदा शून्य असतो. म्हणजे नल छापला की रिकामी स्ट्रिंग. चाळीस वर्षांनी पुन्हा व्हॅक्स!

यात बिघडतं काय? तर लॉगमध्ये नल येतो तो नेमका वाईट दिवशी. सेन्सरचं नाव सापडलं नाही, फाइल उघडली नाही, म्हणून तर आपण एरर लिहायला जातो, आणि नाव नसतं. लॉगर तिथेच पडला तर मूळ बिघाडाचा पुरावाही गेला. रिकामी जागा छापली, तर 'नाव रिकामं होतं' असा खोटा पुरावा उरतो.

उपाय छोटा आहे. लॉगरला स्ट्रिंग देण्याआधी ती एका छोट्या फंक्शनमधून न्यायची: नल असेल तर ठरलेली खूण परत द्यायची, नाहीतर तीच स्ट्रिंग. मॅक्रो केला तर दिलेली अभिव्यक्ती दोनदा चालू शकते, म्हणून फंक्शन बरं. आणि खूण अशी निवडायची, जी खऱ्या डेटामध्ये कधी येणार नाही.

कोड न चालवता असे नल शोधायचे, हे पुण्यातच झालेलं संशोधन आहे. १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये एम्बेडेड सी कोडसाठी स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचं साधन तयार झालं. शून्याने भागाकार, अ‍ॅरेची हद्द ओलांडणं यांच्यासोबत नल पॉइंटरही त्यात तपासला जातो.

संशोधनाची तयारी करताना यातून एवढं घ्या. 'माझ्या मशीनवर चाललं' हे एका मशीनबद्दलचं निरीक्षण आहे, प्रोग्रामबद्दलचा निष्कर्ष नव्हे. प्रयोगाचे निकाल लॉगमधून काढणार असाल, तर 'मोजलंच नाही' आणि 'मोजलं, पण रिकामं आलं' या दोन नोंदी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. नंतर त्या वेगळ्या करता येत नाहीत.