ओरेच्या उतारावरील दोन शतांश सेकंद

जागतिक अल्पाइन स्कीइंग अजिंक्यपद स्पर्धेत पुरुषांची 'डाउनहिल', म्हणजे तीव्र उतारावरून वेगाने खाली येण्याची शर्यत, एकाच फेरीत निकाली निघते. स्लालमप्रमाणे दुसऱ्या फेरीत कसर भरून काढण्याची सोय तिच्यात नाही. स्पर्धक ठरावीक अंतराने एकेकटे सुटतात, ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडतात. त्यांची खरी झुंज असते ती घड्याळाशी. हे घड्याळ किती निष्ठुर असू शकते, याचा प्रत्यय ९ फेब्रुवारी २०१९ रोजी स्वीडनमधील ओरे येथे आला.

हिमवर्षाव, वारा आणि धुके यांमुळे शर्यत उशिरा सुरू झाली. प्रारंभस्थानही डोंगरावर बरेच खाली आणावे लागले. नॉर्वेच्या शेतिल यान्सरुडने हा आखूड झालेला मार्ग १ मिनिट १९.९८ सेकंदांत पार केला. त्याचाच संघसहकारी आक्सेल लुंड स्विन्दाल याला १ मिनिट २०.०० सेकंद लागले. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारा स्कीपटू दोन शतांश सेकंदांत जेमतेम अर्धा मीटर पुढे सरकतो. सुवर्ण आणि रौप्य यांत अंतर होते ते एवढेच! ऑस्ट्रियाच्या व्हिन्सेंट क्रिखमायरला कांस्यपदक मिळाले, तर २०१७ चा विजेता, स्वित्झर्लंडचा बेआट फॉइट्स चौथा आला.

स्विन्दालची ही अखेरची शर्यत होती. याच ओरेमध्ये २००७ साली त्याने डाउनहिलचे पहिले जगज्जेतेपद मिळवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेतील बीव्हर क्रीक येथे सराव फेरीत तो भयानक कोसळला. चेहऱ्याची हाडे मोडली, खोल जखम झाली आणि उरलेला मोसम वाया गेला. वर्षभराने तो त्याच उतारावर परतला आणि जिंकला. २०१६ मध्ये ऑस्ट्रियातील किट्झब्यूलच्या कुप्रसिद्ध मार्गावर त्याचा गुडघा जायबंदी झाला. तरीही २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्याने डाउनहिलचे सुवर्णपदक पटकावले. तेव्हा १२ शतांश सेकंदांनी मागे राहून रौप्यपदकावर समाधान मानणारा स्पर्धक यान्सरुडच होता. वर्षभरात दोघांच्या जागांची अशी अदलाबदल झाली.

मार्ग आखूड झाला की चुकांना वाव कमी उरतो आणि वेळांतील फरकही आक्रसतात. पूर्ण लांबीच्या उतारावर निकाल हाच लागला असता का, हा प्रश्न म्हणूनच अगदी गैरलागू नाही. मात्र यान्सरुडचे श्रेय त्याने उणावत नाही. जानेवारीतच सरावात त्याच्या डाव्या हाताची दोन हाडे मोडली होती, आणि प्रारंभाच्या फाटकातून स्वतःला पुढे ढकलताना तर दोन्ही हातांचा जोर लागतो. ऑलिंपिक सुवर्ण त्याने २०१४ मध्येच सुपर-जी प्रकारात मिळवले होते. जगज्जेतेपद तेवढे हुलकावणी देत आले होते. २०२२ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा ओरेचे सुवर्ण हेच त्याचे जागतिक स्पर्धेतील एकमेव सुवर्णपदक होते.