तान्ह्याची रात्र आणि आईवरील आरोप



इतिहास बहुधा दिवसाचा लिहिला जातो. लढाया, तह, संप, सभा या दिवसाउजेडी होतात आणि त्यांची नोंद राहते. रात्री माणसे झोपतात, तेव्हा रात्रीला कसला इतिहास, अशी आपली समजूत असते. पण ज्या घरात दोन-तीन महिन्यांचे मूल आहे त्या घरातील बाईला विचारून पाहा. तिची अर्धी रात्र जागण्यात जाते, आणि उरलेल्या अर्ध्या रात्रीत काही विपरीत घडले तर त्याचा जाब तिलाच द्यावा लागतो. आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास या जाबाचा आहे. आम्ही वैद्य नव्हे. कामगार चळवळीत आमचे आयुष्य गेले, आणि जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. वैद्यकातील गोष्टी आम्ही जाणत्यांच्या लेखनातून घेतल्या आहेत. त्यांचा अर्थ मात्र आमच्या रीतीने लावणार आहोत.

गोष्ट फार जुनी आहे. बायबलात शलमोन राजाच्या न्यायाची कथा आहे. दोन बाया एका मुलासाठी भांडत येतात आणि राजा तलवार मागवितो, एवढे बहुतेकांना आठवते. पण भांडण निघाले कशावरून? एकीचे मूल रात्री तिच्या अंगाखाली येऊन दगावले होते. मध्ययुगात युरोपातील चर्चने अशा आईबापांसाठी प्रायश्चित्ते ठरवून दिली होती. इटलीतील फ्लॉरेन्स शहरी मुलाभोवती लाकडी कमानीचा सांगाडा ठेवून मग त्याला अंथरुणात जवळ घेत. पाजता यावे म्हणून त्याला बाजूस खाच ठेवलेली असे. या सांगाड्याचे वर्णन १७३२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत छापले गेले. मूल आईजवळच झोपणार हे त्या लोकांनी गृहीत धरले, आणि सुतारकाम त्यानुसार केले. पुढच्या शहाण्यांना ही अक्कल राहिली नाही.

आता स्कॉटलंडमधील डंडी या गावी चला. हे गाव तागाचे. बंगालचा ताग जहाजांनी तेथे जाई आणि त्याची पोती व तरट होऊन जगभर विकले जाई. कामगारांत बायांची संख्या पुरुषांहून मोठी, कारण बाईला मजुरी कमी द्यावी लागे. घरे एकदोन खोल्यांची, आणि त्यांत सारे कुटुंब. या गावचे पोलीस सर्जन डॉ. चार्ल्स टेंपलमन यांनी १८९२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. अंथरुणात गुदमरून मेलेल्या २५८ अर्भकांचा तो हिशेब होता. जवळजवळ निम्मे मृत्यू शनिवारची रात्र ते रविवारची सकाळ एवढ्या वेळातले. डॉक्टरांनी कारणे दिली ती अशी: आयांचे अज्ञान व निष्काळजीपणा, दारू, आणि घरांतील दाटी.

कारणांचा हा क्रम लक्षात घ्या. दाटीचे नाव आहे, पण शेवटी आहे. हिशेब त्यांनी प्रामाणिकपणे केला, याबद्दल आम्हाला शंका नाही. दारू घरे बुडविते हे तर आमच्याइतके कोणी पाहिले नसेल. पण शनिवारची रात्र म्हणजे आठवडाभर गिरणीत उभे राहिलेल्या बाईची रात्र, हा साधा विचार त्या निबंधात पहिल्या ओळीत यायला हवा होता. पुढे १९०८ साली इंग्लंडात मुलांविषयीचा मोठा कायदा झाला. त्यात तीन वर्षांखालील मूल दारू प्यालेल्या माणसाशेजारी अंथरुणात गुदमरून मेले, तर तो गुन्हा ठरविण्यात आला. खोली किती फुटांची असावी आणि बाळंतिणीला रजा किती असावी, याबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही.

तागाच्या गावातून मुंबईच्या सुती गिरण्यांकडे येणे कामगाराला अवघड वाटू नये. इंग्लंडच्या गिरणगावांत मूल शांत पडून राहावे म्हणून अफूमिश्रित काढे बाटलीतून विकत. 'गॉडफ्रेज कॉर्डियल' हे त्यांतले नामांकित. मुंबईत तेच काम बाळगोळी करी. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारसाठी डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा या बायांच्या बहुतेक सर्व तान्ह्यांना अफू दिली जाते असे दिसून आले. सुशिक्षितांनी हळहळ व्यक्त केली. पण आई दहा तास गिरणीत, घरी सांभाळायला म्हातारी किंवा सात वर्षांची बहीण, आणि मूल भुकेने रडते आहे. गोळी न दिली तर करावे काय, हे कोणी सांगितले नाही. अफूने मूल झोपते, पण भूक लागली तरी उठत नाही, आणि मात्रा थोडी जास्त झाली तर श्वासच मंदावतो. याला खरे उत्तर दुकानावर बंदी घालण्यापेक्षा रजेत व पाळणाघरात होते. मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले तेव्हा, १९२८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढच्या काळात गिरण्यांतून बायाच कमी होत गेल्या. कायदा हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण मालकाला निमित्त पुरते. असो. हा विषय निघाला की आम्ही भरकटतो. पुन्हा रात्रीकडे वळू.

अंगाखाली न येताही मुले अचानक मरतात हे डॉक्टरांना दिसत होतेच. सकाळी मूल पाळण्यात थंड आढळे, अंगावर खूण नाही, दुखण्याची वार्ता नाही. मग कारण शोधण्यासाठी शव उघडत. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, ती या मुलांत फार मोठी दिसे. १८८९ साली व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी त्याला एका रोगाचे भारदस्त लॅटिन नाव दिले, आणि वाढलेली ग्रंथी मुलाचा घात करते असे पाठ्यपुस्तकांत शिरले.

यातील मेख मोठी विलक्षण आहे. ग्रंथीचे 'बरोबर' माप कोठून आले? शवविच्छेदनाच्या टेबलावरून. आणि त्या टेबलावर येई कोण? १८३२ च्या ब्रिटिश कायद्याने वर्कहाऊसमध्ये मेलेल्या बेवारस गरिबांची प्रेते वैद्यकशाळांना मिळत, आणि इतरत्रही थोडाफार हाच प्रकार होता. उपासमार आणि दीर्घ आजार यांनी थायमस आक्रसते. म्हणजे विद्वानांनी कुपोषिताची सुकलेली ग्रंथी निरोगी मानली, आणि धडधाकट मूल एकाएकी मेले की त्याची निरोगी ग्रंथी रोगट ठरविली. ब्रिटनमध्ये नेमलेल्या तपासमंडळाने १९३१ साली या रोगाला पुरावा नाही असा निर्वाळा दिला. पण तोवर, आणि नंतरही कित्येक वर्षे, अमेरिकेत चांगल्या मुलांच्या छातीवर ग्रंथी लहान करण्यासाठी क्ष-किरण सोडले जात होते. त्यांतील अनेकांना मोठेपणी गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. गरिबाचे शरीर मोजताना त्याची गरिबीही मोजली जाते, हे ध्यानात न घेतल्याचा दंड दुसऱ्याच घरच्या मुलांनी भरला.

दरम्यान मध्यमवर्गाच्या घरी मुलाला वेगळा पलंग आला, पुढे वेगळी खोली आली. अंगाखाली येण्याचा संभव गेला. तरी मुले जात राहिली. तेव्हा १९५४ साली इंग्लंडात 'कॉट डेथ', म्हणजे पाळण्यातला मृत्यू, हे नाव रूढ करण्यात आले. १९६९ साली अमेरिकेतील सिएटल येथे परिषद भरून आकस्मिक अर्भक-मृत्यूची रीतसर व्याख्या झाली. नावांतला हा फरक आम्हाला बोलका वाटतो. मजुराच्या अंथरुणात मूल मेले तर त्या शब्दात आईचे अंग होते. साहेबाच्या घरच्या पलंगात मेले तर शब्दात फक्त पलंग आहे, आरोपी कोणीच नाही.

पण नवे नाव म्हणजे नवे ज्ञान नव्हे. याच काळात एक उफराटी गोष्ट घडत होती. रुग्णालयांत अशक्त मुलांना पालथे निजविण्याची पद्धत पडली होती. पालथे मूल गाढ झोपते हे खरेच, आणि उताण्या मुलाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाईल असा तर्क होता. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनाच्या पुस्तकाच्या लक्षावधी प्रती खपल्या. १९५० नंतरच्या दशकात त्यातही पालथे निजविण्याचा सल्ला आला. तर्क ऐकायला चोख, पण तपासलेला नव्हता. उताणे असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते आणि आलेले दूध सहसा खालच्या नळीतच परतते. पालथे मूल मात्र स्वतः सोडलेली हवा पुन्हा आत घेते, त्याला उष्मा होतो, आणि झोप गाढ असल्याने श्वास अडला तरी ते दचकून जागे होत नाही. गाढ झोप हीच घातक ठरली.

इशारा मिळालाच नाही असेही नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. ॲब्रॅमसन यांनी १९४४ साली गुदमरलेल्या मुलांची मोजदाद केली, तेव्हा दोन-तृतीयांशाच्या आसपास मुले पालथी सापडली होती. कोणी मनावर घेतले नाही. हॉलंडमध्ये १९७० नंतर पालथ्याचा प्रचार झाला आणि मृत्यू वाढले. १९८५ साली हाँगकाँगहून डॉ. डेव्हिस यांनी कळविले की तेथे दाटी अतोनात असूनही असे मृत्यू क्वचितच होतात, आणि तेथील चिनी आया मुलांना उताणे निजवितात. दाटीत, गरिबीत, जुन्या चालीने वाढणारी मुले जगत होती, हे तेव्हा कोठे विद्वानांच्या ध्यानी येऊ लागले.

मग खरे काम झाले आणि ते मोठ्या चिकाटीने झाले. न्यूझीलंडमध्ये १९८७ ते १९९० अशी तीन वर्षे, आणि इंग्लंडच्या एव्हन भागात डॉ. फ्लेमिंग यांच्या मंडळीनी, मूल गेलेल्या घरी व तेवढ्याच वयाचे मूल जिवंत असलेल्या घरीही जाऊन तेच प्रश्न विचारले: कसे निजविले होते, पांघरूण किती, घरात धूम्रपान कोण करते, दूध कोणते. आईला दोष देण्यासाठी नव्हे, तुलना करण्यासाठी प्रश्न विचारले, हा यातला गाभा. उत्तर स्वच्छ निघाले. पालथे निजविणे आणि तंबाखूचा धूर हे मोठे धोके. १९९१ साली दोन्ही देशांत 'मुलाला उताणे निजवा' ही मोहीम सुरू झाली. इंग्लंडात दूरचित्रवाणीवरील निवेदिका ॲन डायमंड यांचे मूल त्याच वर्षी गेले होते. मोहीम घरोघर पोहोचण्यात त्यांचा वाटा मोठा. थोड्याच वर्षांत तेथील मृत्यू निम्म्याहून कमी झाले. अमेरिकेने १९९४ साली मोहीम काढली, तेथेही दशकभरात आकडा निम्म्यावर आला. औषध नाही, यंत्र नाही, एक पैचा खर्च नाही.

२००५ साली संशोधकांनी मागे वळून हिशेब केला. उपलब्ध पुरावा नीट एकत्र केला असता तर १९७० सालीच धोका कळला असता. तसे झाले असते तर पाश्चात्त्य देशांत मिळून पन्नास हजारांवर मुले वाचली असती, असा त्यांचा अंदाज आहे. या काळात ज्या आयांनी पुस्तकातील सल्ला इमानाने पाळला, त्यांना सकाळी कोणत्या नजरांना तोंड द्यावे लागले असेल याचा हिशेब कोणीही केलेला नाही.

आईशेजारी झोपविण्याचा वाद आजही चालू आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते की मूल आईच्या खोलीत असावे पण वेगळ्या अंथरुणावर. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मॅकेन्ना म्हणतात की माणसाचे मूल मुळात आईच्या कुशीसाठी घडले आहे, आणि कुशीत त्याची व आईची झोप परस्परांशी जुळलेली राहते. ब्रिटनमधील संशोधन धोका कोठे आहे ते वेगळे करून दाखविते: सोफ्यावर मुलाला घेऊन झोपणे सर्वांत वाईट, दारू प्यालेला, गुंगीचे औषध घेतलेला किंवा धूम्रपान करणारा माणूस शेजारी असणे वाईट, दिवसांआधी जन्मलेल्या वा कमी वजनाच्या मुलाला धोका अधिक. ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत मुले आईजवळ झोपण्याची चाल गोऱ्यांहून जास्त, तरी असे मृत्यू कमी आढळले. त्या आया दारू-सिगारेटपासून दूर असतात आणि मुलाला घेऊन सोफ्यावर झोपत नाहीत.

आपल्याकडे मूल उताणे निजविण्याची चाल आहे ती चांगलीच आहे. पण डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली राईची उशी, तोंडापर्यंत आलेली गोधडी, आणि त्याच खोलीत ओढलेली विडी यांना आता रजा द्यावी. अंथरूण सपाट व घट्ट असावे. आणि घरात पाळी करून आलेली बाई असेल तर रात्रीचे एकदोन वेळचे उठणे दुसऱ्या कोणी करावे. थकव्याने बेशुद्ध झाल्यासारखी झोप लागणे हाही धोकाच आहे, आणि तो उपदेशाने जात नाही.

न्यूझीलंडमध्ये मोहिमेने मृत्यू घटले, पण तेथील मूळच्या माओरी लोकांत तितके घटले नाहीत. त्या घरांत आया गरोदरपणीही सिगारेट ओढत आणि मूल कुशीत घेत. 'मुलाला जवळ घेऊ नका' या सरकारी हुकमाला त्यांनी दाद दिली नाही. तेव्हा २००६ च्या सुमारास डॉ. डेव्हिड टिपीन-लीच आणि माओरी विणकर बायांनी मिळून तेथल्या हरकेके नावाच्या पातीची एक लांबट टोपली विणली. तिचे नाव वाहाकुरा. मूल टोपलीत उताणे, टोपली आईच्या अंथरुणात, हात लांबविला की मूल हाताशी. २०१७ साली या टोपलीची नेहमीच्या पाळण्याशी रीतसर तुलना प्रसिद्ध झाली. टोपलीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही, आणि सहा महिन्यांनंतर निव्वळ अंगावर पिणारी मुले टोपलीवाल्या घरांत पाळण्यावाल्यांच्या दुपटीने होती.