१८५१ सालचा एक कागद

"प्रेमबिम काही नसतं गं, चार दिवसांची नवलाई," असं आपण खुरपताना किती सहज बोलून जातो! जर्मनीतल्या शोपेनहाउअर नावाच्या तत्त्वज्ञानं हेच १८४४ साली ग्रंथात मांडलं. त्याचं म्हणणं, प्रेम ही निसर्गाची चलाखी. निसर्गाला हवं असतं मूल, माणसाला वाटतं हे आपलं सुख. काम झालं की भूल उतरते.

अगदीच खोटं नाही ते. भुलीत केलेले संसार आपणही पाहिलेत. पण हा माणूस बाईकडे कसा बघायचा? शेजारच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईला त्यानं दारातून ढकलून काढलं. ती कोर्टात गेली, आणि ती जिवंत असेपर्यंत त्याला दर तीन महिन्यांनी पंधरा थेलर भरावे लागले. थेलर म्हणजे तिकडचं नाणं. पुढे १८५१ साली त्यानं छापलं, की बायका जन्मभर लहान मुलंच राहतात. स्वतः लग्न केलंच नाही.

त्याच वर्षी इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिल हा विचारवंत हॅरिएट टेलरशी लग्न करत होता. ओळख एकवीस वर्षांची. ती आधी विवाहित, तीन लेकरांची आई; लोक नाही नाही ते बोलले. १८४९ साली ती विधवा झाली. लग्नाच्या आधी, मार्च महिन्यात, मिलनं एक कागद लिहिला. बायकोच्या शरीरावर, मालमत्तेवर, वागण्यावर कायदा नवऱ्याला जो हक्क देतो, तो मला मान्य नाही. कायद्यानं तो सोडता येत नाही, म्हणून लिहून ठेवतो, की मी तो कधीच वापरणार नाही.

तेव्हा तिकडे लग्न झालं की बाईची मजुरीसुद्धा नवऱ्याची व्हायची. अशा घरात माया आटली, तर ती प्रेमाची खोट म्हणायची की कायद्याची? शोपेनहाउअरनं हे विचारलंच नाही. माणसांनी केलेलं त्यानं निसर्गाच्या नावावर टाकलं.

मिल काही देवमाणूस नव्हता. या लग्नावरून आई-बहिणींशी त्यानं दुरावा धरला. पण १८५८ साली हॅरिएट फ्रान्समध्ये वारली, तेव्हा त्यानं तिच्या कबरीजवळ घर घेतलं. १८६९ साली स्त्रियांच्या गुलामीवर पुस्तक काढलं. १८७० साली इंग्लंडात कायदा झाला, आणि लग्न झालेल्या बाईची कमाई तिची स्वतःची ठरली.