पहिल्या तीन रात्री

गाय-म्हैस व्याली की शेजारीपाजारी चीक पाठवण्याची चाल आपल्याकडे जुनी. त्या चिकाचा खरवस लावावा, वर वेलदोड्याची पूड भुरभुरावी आणि वडी तोंडात टाकून डोळे मिटावेत! खरवसाला नाक मुरडणारा माणूस मराठी मुलखात विरळाच. पण हाच चीक माणसाच्या आईला आला, की घरोघरी त्याची रवानगी मोरीत होई. पिवळा, चिकट, बाळाला बाधेल, म्हणून तो पिळून टाकायचा आणि बाळाच्या जिभेवर मधाचे बोट ठेवायचे. गाईचे ते पक्वान्न आणि आईचे ते खराब, हा न्याय आला तरी कोठून?

अडाणी सुइणींवर खापर फोडून मोकळे व्हावे, तर थोर वैद्यच त्यांच्या बाजूने साक्षीला उभे राहतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे, की प्रसूतीनंतर तीन किंवा चार रात्रींनी स्त्रीला दूध उतरते. तोवर बालकाला मध-तूप चाटवावे. चरकसंहितेत मात्र मध-तुपाचा संस्कार झाल्यावर लागलीच उजवा स्तन पाजण्यास द्यावा, असे आहे. म्हणजे आपल्या ग्रंथांतही एकमत नव्हते! तिकडे रोममध्ये, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, सोरेनस हा नामांकित वैद्य सांगत होता, की आईचे दूध वीस दिवसांपर्यंत बहुधा चांगले नसते. आईने लगेच पाजावे असे म्हणणाऱ्या दमास्तीस नावाच्या वैद्याला त्याने दोषही दिला आहे.

या मंडळींचे निरीक्षण खोटे नव्हते. दूध भरून येते ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशीच. चूक झाली ती एवढीच, की त्याआधीच्या थेंबांना कोणी दूध म्हणून मोजलेच नाही. पहिल्या दिवशीच्या बाळाचे पोट इवलेसे. त्याला त्या चमचा-चमचाभर चिकाहून अधिकाची गरजही नसते.

१७४८ साली इंग्लंडात विल्यम कॅडोगन या डॉक्टराने मुलांच्या संगोपनावर एक छोटेसे पुस्तक लिहिले. आईचे पहिले दूध सारक असून त्याने बाळाच्या पोटातला साचलेला काळा मळ निघून जातो, मग वेगळी औषधे हवीत कशाला, असा त्याचा सवाल. हे काम बायकांवर फार काळ सोपवले गेले, आता बापांनी लक्ष घालावे, असाही त्याचा तोरा होता. हे वाचून आपल्या आज्या पदराआड हसल्या असत्या. पण चिकाच्या बाबतीत स्वारी बरोबर होती.

मात्र दुधात नुसते पोषण नाही, संरक्षणही आहे, हे दाखवले जर्मनीच्या पाउल एर्लिख याने, १८९२ साली. त्याने उंदीर घेतले आणि विष घेतले ते एरंडाच्या व गुंजेच्या बियांतले. थोड्याथोड्या मात्रेने काही माद्यांना ते पचवण्याची सवय लावली. मग साध्या माद्यांची पिल्ले त्यांच्या अंगावर पाजली, तर त्या पिल्लांनाही विषापासून संरक्षण मिळाले! जन्म एकीचा, कवच दुसरीच्या दुधाचे. माणसाच्या दुधातील असली द्रव्ये मुख्यत्वे बाळाच्या आतड्यातच पहारा करतात, आणि ती सर्वांत दाट असतात त्या टाकून दिलेल्या चिकात.

आता त्या तीन रात्रींतल्या भीतीविषयी. दुसऱ्या रात्री बाळ सारखे रडते, सारखे अंगाशी लागू पाहते. घरातले कोणीतरी म्हणते, 'हिला दूधच नाही गं.' झाले! बाटली येते, बाळ ओढायचे कमी होते, आणि ओढ कमी म्हणून दूधही कमी बनते. भाकीत खरे ठरते, ते असे. १९४८ साली अमेरिकेत मायकेल व नाइल्स न्यूटन या दांपत्याने एक चमत्कारिक प्रयोग केला. मूल पाजणाऱ्या आईचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, तिला गणिते घातली. बाळाला मिळणारे दूध घटले. मग ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले, तेव्हा ते पुन्हा जवळजवळ पूर्ववत झाले. दूध आटले नव्हते, अडले होते. मराठीत दूध असणे वेगळे आणि पान्हा फुटणे वेगळे, हे आधीपासूनच होते. कोजागरीच्या रात्री रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीची कथा सांगताना आपण कड्याचे वर्णन फार करतो, पान्ह्याचे कमी.

म्हणून त्या रात्री बाळंतिणीला धीर हवा आणि जाणता हात हवा. जन्मानंतर तासाभरात बाळ छातीशी द्यावे, दिवसरात्रीत आठ-बारा वेळा पाजावे. बोंडे चिरतात ती बहुधा बाळाने नुसते टोकच धरल्यामुळे. भोवतालचा काळसर भागही त्याच्या तोंडात गेला पाहिजे. दूध दाटून गाठी झाल्या तर पाजणे थांबवू नये, थोडे पिळून काढून पुन्हा लावावे. ताप चढला, किंवा बाळ सुस्त पडून लघवी कमी करू लागले, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे. आणि मधाचे बोट? वर्षाच्या आतल्या मुलाला मधातून क्वचित जीवघेणी विषबाधा होते. ते बोट आता मोठ्यांनीच चाटावे.

१९८९ साली मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. तेथे अनोळखी आयांचे दूध तपासून, निर्जंतुक करून शीतपेटीत ठेवतात. आणि अपुऱ्या दिवसांच्या, मुठीएवढ्या बाळांना ते थेंबाथेंबाने मोजून पाजतात.