वाल, प्रथिने आणि कमला सोहोनी

बंगळूरच्या बाजारात डिसेंबर-जानेवारीत अवरेकाईच्या शेंगांचे ढीग लागतात. आपले वालच ते. शाकाहारी ताटातील प्रथिनांचा विषय निघाला की मला प्रथम हे वाल आठवतात आणि त्यांच्यामागोमाग कमला सोहोनी.

1933 साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून कमला भागवत (सोहोनी हे नाव विवाहानंतरचे) यांनी येथील भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका याच संस्थेचे जुने विद्यार्थी. संचालक होते चंद्रशेखर वेंकट रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. रामन परिणाम मी अतिशय श्रद्धेने शिकलो. ही हकिकत मात्र फार उशिरा कळली, तीही पाठ्यपुस्तकातून नव्हे. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्षभर त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नव्हत्या आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, अशी ताकीद होती. वर्षभराने रामन यांची खात्री पटली.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. अन्नातील प्रथिन सहसा थेट मोजत नाहीत. केल्डाल यांच्या 1883च्या पद्धतीने पदार्थ सल्फ्युरिक आम्लात उकळून नायट्रोजन मोजतात. प्रथिनात तो सुमारे 16 टक्के असतो, म्हणून आलेल्या आकड्याला 6.25ने गुणतात. परंतु वनस्पतीतला सगळाच नायट्रोजन प्रथिनांचा नसतो, सुट्या अमिनो आम्लांचाही असतो. कडधान्यांतील हा प्रथिनेतर नायट्रोजन त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आम्ही भौतिकीवाले याला पार्श्वभूमी वजा करणे म्हणू. ती वजा केली नाही, तर ताटातले प्रथिन आहे त्याहून अधिक भासते.

1936मध्ये एम.एस्सी., पुढे केंब्रिज. तेथे बटाट्यात, म्हणजे प्रथिनांसाठी कोणी खात नाही अशा भाजीत, त्यांना सायटोक्रोम-सी सापडले, 1939मध्ये पीएच.डी. मिळाली.

नंतर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये असताना त्यांनी पुढचा प्रश्न हाती घेतला: खाल्लेले प्रथिन पचते किती? आतड्यात प्रथिने तोडणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे पदार्थ त्यांनी भारतीय भाज्या व कडधान्यांत शोधले. वाल आणि डबल बी यांतील असे रोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याचा, अंबे यांच्यासह लिहिलेला निबंध 1955मध्ये 'नेचर'मध्ये आला. हे रोधक उष्णतेने बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. कच्च्या आणि शिजवलेल्या वालात केल्डालचा आकडा जवळपास सारखाच येईल; शरीराच्या पदरी पडणारे प्रथिन मात्र सारखे नसेल. भिजवून, मोड आणून, सोलून मऊ शिजवलेल्या बिरड्याची ही बाजू मला बंगळूरला येईपर्यंत ठाऊक नव्हती.