वेगाचे बिल

बालाघाटहून नैनपूरकडे जाणाऱ्या छोट्या लाईनच्या गाडीत बसून जे कधी लामत्याला उतरले असतील, त्यांना ती गाडी चढावर कशी धापा टाकीत असे ते आठवत असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेने घातलेले ते अडीच फुटी रूळ आता गेले, ब्रॉडगेज आली. पण आपल्या मुलुखात वेग आला तो रुळांवरून नव्हे. तो आला डांबरी रस्त्यावरून, फटफटीवर बसून. आणि त्याचे बिल फाटू लागले दवाखान्यात.

वेगाला लगाम घालण्याची धडपड मोटारीहूनही जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८६५ साली कायदा झाला की, रस्त्यावरच्या वाफेच्या गाडीपुढे एका माणसाने लाल झेंडा घेऊन पायी चालावे. गाडीचा वेग गावाबाहेर ताशी चार मैल, गावात दोन! आज हसू येते. पुढे झेंडेवाला गेला आणि त्याची जागा शेवटी यंत्राने घेतली. त्याची कथा गमतीची आहे. मॉरिस गॅटसोनाइड्स हा हॉलंडचा मोटारशर्यतपटू. १९५३ साली त्याने माँटे कार्लोची शर्यत जिंकली. वळणावर आपण आणखी वेगात जाऊ शकतो का, हे पाहण्यासाठी त्याने वेग मोजण्याचे साधन तयार केले. १९५८ साली त्याने कंपनी काढली, आणि त्याच्या नावाचे कॅमेरे जगभर इतरांचा वेग पकडू लागले.

या कॅमेऱ्यांनी दंड किती जमला, हे वर्तमानपत्रात छापून येते. दवाखान्याचा खर्च किती वाचला, हे क्वचितच कोणी मोजते. स्पेनमधल्या बार्सिलोनाने ते मोजले. शहराभोवतीच्या रस्त्यावर २००३ साली कॅमेरे बसले. दोन वर्षांत सुमारे ३६४ अपघात टळले आणि ५०७ माणसे जखमी होण्यापासून वाचली, असा अभ्यासकांचा अंदाज. पुढे औषधोपचार, गाड्यांची मोडतोड आणि इतर खर्च मांडून, कॅमेऱ्यांचा खर्च वजा जाता, त्या दोन वर्षांत सुमारे ६८ लाख युरो वाचल्याचा हिशेब निघाला. यात चमत्कार नाही. चाळीसचा वेग साठ झाला की धडकेतला जोर दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतो. हाड मोडायचे की नुसते खरचटायचे, ते तिथे ठरते.

आपल्याकडचे मोठे उदाहरण मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचे. २०१६ साली तेथे १५१ माणसे दगावली; २०१९ साली ९२. पण सगळे श्रेय कॅमेऱ्याला देणे खोटेपणाचे होईल. वेगावर देखरेख होती, तसेच कठडे, फलक, रस्त्यातले दोष आणि जखमींना मिळणारी मदत यांवरही काम झाले होते. संपूर्ण मार्गाची कॅमेरा-यंत्रणा तर २०२४ साली सुरू झाली.

आता लामत्याचा विचार करा. इथला माणूस रस्त्यावर पडला तर आधी बालाघाट, मग गोंदिया, आणि डोक्याला मार असेल तर नागपूरचे मेडिकल. राज्याची हद्द १९५६ साली बदलली; त्याआधी नागपूर हीच आपली राजधानी होती. दुखणाइताच्या पायवाटा मात्र अजून त्याच दिशेने जातात. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अपघातग्रस्ताचे प्राण वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे. २०२५ साली केंद्राची बिनपैशाच्या उपचारांची योजना आली : सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. चांगली गोष्ट आहे. पण मांडीचे हाड सात दिवसांत जुळत नाही. सळई, पट्ट्या, तपासणीच्या फेऱ्या, सोबत बसणाऱ्याची बुडालेली मजुरी, आणि अपघात आषाढात झाला तर हातची गेलेली धानाची रोवणी, हे सगळेच काही योजनेत बसत नाही. जागतिक बँकेने २०२१ साली महाराष्ट्रासह चार राज्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघातामुळे गरीब घराचे सात महिन्यांहून अधिक उत्पन्न जाते, श्रीमंताचे एका महिन्याहूनही कमी, असे त्यात आढळले.

म्हणून ‘कॅमेरा म्हणजे सरकारची कमाई’ ही चावडीवरची तक्रार मला अर्धीच पटते. दंड खजिन्यात जातो, हे खरे. पण न झालेल्या अपघाताचा पैसा ज्याच्या घरात राहतो, त्याला तो वाचल्याचे कळतही नाही. त्याची पावती कोण फाडणार? २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या नोंदीखाली. कॅमेरे मात्र उभे राहतात ते बहुधा महामार्गांवर आणि मोठ्या शहरांत, जिथून दवाखाना त्यामानाने जवळ असतो. माझ्या मते जागा निवडताना गाड्यांच्या गर्दीबरोबर एक अंतरही मोजायला हवे : त्या वळणापासून मोडलेले हाड बसवणाऱ्या डॉक्टरापर्यंतचे. लामत्याहून ते अंतर किती, हे ज्याने एकदा रात्री जीपमध्ये जखमी माणसाचे डोके मांडीवर घेऊन काटले आहे, त्याला विचारावे.