कचरा आलाय

मुंबईत जुनी मोटरसायकल बाळगणाऱ्याच्या कानावर एक वाक्य आयुष्यभर पडत असतं : "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." गाडी मिसिंग मारत असो, पुलाच्या चढावर दम टाकत असो, नाहीतर सिग्नलला गुपचूप बंद पडत असो, मेस्त्री आधी टाकीखाली हात घालतो, पेट्रोलचा कॉक बंद करतो आणि हे वाक्य उच्चारतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. केसाएवढ्या भोकात गंजाचा एक कण अडकला की दीड-दोनशे किलोचं यंत्र उभं राहतं.

या कचऱ्याची गोष्ट कार्बोरेटरइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन निघाल्या. बरोबर दोन मुलगे, आणि रस्ता मान्हाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधन संपलं तेव्हा त्यांनी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन काढून ती मोकळी केली. मोटारींच्या इतिहासातला पहिला मोठा प्रवास असा एका बाईच्या हातातल्या पिनेवर पुढे सरकला. ही हकीकत मला फार जवळची वाटते, कारण आमच्या गल्लीतल्या गॅरेजात याच कामाला क्लचच्या वायरचा एक धागा वापरत.

'कार्बोरेटर' हा शब्द मात्र मोटारीच्या आधीचा आहे. फ्रेंचमध्ये 'कार्ब्युर' म्हणजे कार्बनचं संयुग. एकोणिसाव्या शतकात हवेत किंवा वायूत हायड्रोकार्बनची वाफ मिसळून त्याचा उजेड वाढवायचा, या क्रियेला 'कार्ब्युरेट करणं' म्हणत. ते करणारं उपकरण म्हणजे कार्बोरेटर. गाडीशी त्याचा काही संबंध नव्हता, ते दिव्यांच्या घराण्यातलं होतं. मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे पहिल्यांदा लागले ते ऑक्टोबर १८६५मध्ये, भेंडीबाजार, एस्प्लनेड रोड, चर्चगेट स्ट्रीट या भागांत. दिवे लावत जाणाऱ्या माणसामागून बघ्यांची गर्दी चालायची. हा गॅस पुरवणाऱ्या बॉम्बे गॅस कंपनीचं नाव लालबागमध्ये गॅस कंपनी लेनच्या रूपाने अजून टिकून आहे. तिथून जाताना मला दर वेळी वाटतं, टाकीखालच्या त्या पितळी-जस्ती डब्याचं नाव ज्या काळातून आलं, त्या काळाची खूण आपल्याच दारात आहे.

इंजिनाने हा शब्द उचलला तेव्हा आतली रचना अगदी साधी होती. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा खेळवायची आणि जी वाफ उठेल ती सिलिंडरमध्ये ओढायची. डाइमलर आणि मायबाख यांच्या १८८५च्या लाकडी दुचाकीवर असंच काहीसं होतं. त्यात अडचण अशी की वाफ ऊन-थंडीप्रमाणे कमी-जास्त व्हायची आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी सगळा हिशेब चुकायचा. मग पेट्रोलची वाफ करण्याऐवजी फवारा करायचा, ही कल्पना १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी वेगवेगळी प्रत्यक्षात आणली. बांकी-चोंकांना ती एका फुलवालीला फुलांवर पाणी फवारताना पाहून सुचली, अशी आख्यायिका हंगेरीत सांगतात. आपल्याकडे फुलवालीची गरज नाही. चाळीत वाढलेल्याने ढेकणांवर मारायचा फ्लिटचा पंप आठवावा. आडव्या नळीतून हवा जोरात गेली की तिथला दाब उतरतो, खालच्या डब्यातलं औषध उभ्या नळीतून वर चढतं आणि हवेत त्याचे तुषार होतात. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाच्या श्वासावर चालणारा फ्लिटचा पंप. गळा मुद्दाम अरुंद केलेला असतो, त्याला व्हेंच्युरी म्हणतात. १७९७मध्ये वाहत्या पाण्याच्या अभ्यासावर लिहिणाऱ्या इटालियन व्हेंच्युरीचं नाव असं आपल्या मेस्त्रींच्या तोंडी बसलं.

आता बाबांच्या बुलेटच्या कार्बोरेटरकडे येतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स ही इंग्लंडमधली कार्बोरेटर बनवणारी तीन घराणी एकत्र आली आणि 'अमल' हे नाव जन्मलं. आपल्या कानाला ते मराठी वाटतं, पण ते 'अमाल्गमेटेड'चं संक्षिप्त रूप आहे. १९५०च्या दशकात भारतीय लष्करासाठी आलेल्या बुलेट आणि मग मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला तयार होऊ लागलेल्या बुलेट, यांच्याबरोबर अमल इथे आला. जुन्या अमलला एक छोटी कळ असते, टिकलर. थंड इंजिनाला ती दोन-तीनदा दाबायची, बोटाला पेट्रोलचा ओलावा लागला की सोडायची आणि किक मारायची. बाबांच्या उजव्या हाताच्या बोटाला रविवारी सकाळी येणारा तो वास हीच माझी मोटरसायकलची पहिली ओळख.

त्या गाडीचा अमल झिजला. याची कारणं ठरलेली असतात. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, आतली स्लाइड दिवसभर वर-खाली घासते. शिवाय कुणीतरी फ्लँजचे नट ताकदीने आवळतो, फ्लँज वाकते आणि बाजूने हवा शिरते. मग रेस कमी केली की गाडी बंद, वाढवली की खाली येत नाही. आमचे मेस्त्रीकाका गिरणीत फिटर होते आणि १९८२च्या संपानंतर परळच्या एका गाळ्यात गॅरेजला बसले होते. त्यांनी जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासून सपाट केली. दोन वर्षं निघाली. पुन्हा तेच झालं तेव्हा ते बाबांना म्हणाले, "साहेब, आता याला निवृत्त करा. मिकार्ब टाकू."

मला तेव्हा ते परकं, जवळजवळ अपमानास्पद वाटलं होतं. इंग्रजी गाडीला जपानी वळणाचा कार्बोरेटर! पुढे कळलं की जपानच्या मिकुनीने १९६०मध्ये अमलकडूनच परवाना घेतला होता. गोल स्लाइड, मधोमध लोंबणारी निडल, बाजूला हवेचा स्क्रू ही सगळी अमलची ठेवण, मिकुनीने ती घोटून नेटकी केली. आपल्याकडच्या बुलेटवर बसलेला व्हीएम २४ मिकार्ब हा त्याच वंशातला. काकांनी केलेली बदली म्हणजे कुळातल्या कुळातली सोयरीक होती.

बदल केला म्हणजे चार बोल्ट खोलून चार लावले, असं मात्र नसतं. थ्रॉटल जेमतेम उघडं असताना पेट्रोल पायलट जेटमधून येतं. थोडं पुढे गेलं की स्लाइडच्या तळाची तिरपी काप किती, यावर मिश्रण ठरतं. पाव ते पाऊण हा मोठा पल्ला निडलच्या ताब्यात असतो. तिच्या डोक्याला खाचा असतात. क्लिप एक खाच खाली लावली की निडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. मेन जेटचा हुकूम चालतो तो अगदी शेवटी, मूठ पूर्ण पिळल्यावर. मुंबईच्या रस्त्यावर ती वेळ किती येते? तरी नवखा माणूस पहिला हात मेन जेटलाच घालतो. काका तसं करत नसत. पायलटपासून सुरुवात, हवेचा स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर आणि मग कान इंजिनाशी. त्यानंतर ते बाबांना दादरपर्यंत फेरी मारून यायला सांगत आणि प्लग काढून बघत. काळा मखमली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा फटक असेल तर कमी, बदामी असेल तर काम फत्ते. पेट्रोल कमी पडणं हे जास्त पडण्यापेक्षा वाईट, हे त्यांनी मला तेव्हाच सांगून ठेवलं होतं. इंजिन तापतं, टू-स्ट्रोक असेल तर पिस्टन धरतो.

हीच चूक पुढे कितीतरी आरएक्स १००वाल्यांनी केली. १९८५ला आलेली ती ९८ सीसीची गाडी मुलांच्या हातात पडली, त्यांनी एअर फिल्टर काढून टाकला, सायलेन्सर मोकळा केला आणि जेट तसाच ठेवला. हवा वाढली, पेट्रोल वाढलं नाही. जेटच्या भोकातून तार फिरवणारेही होते, नागदेवीच्या बाजारातून आणलेल्या बारीक ड्रिलने ते मोठं करणारेही. पितळ मऊ असतं, भोक एकदा वेडंवाकडं झालं की त्यावर कोरलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही. जेटमध्ये तार घालू नये, हवेच्या झोताने साफ करावा.

माझ्या मते ट्युनिंगची खरी परीक्षा वेगात होत नाही. ती गिरगावात गुढीपाडव्याला होते. फडके गणपती मंदिरापासून निघणाऱ्या शोभायात्रेत नऊवारी नेसलेल्या, फेटा बांधलेल्या बायका बुलेटवर असतात. फोटोत दिसतो तो थाट. दिसत नाही ते हे, की ती गाडी उन्हात, अर्ध्या क्लचवर, माणसाच्या चालीने सरकत असते आणि सगळा वेळ फक्त पायलट जेटच्या जिवावर धडधडत असते. मिश्रण जरा बिघडलं तर ढोलताशांच्या मधोमध किक मारायची वेळ येते. माझी बहीण आमची बुलेट त्यात चालवते. आदल्या रात्री मी फ्लोटचा डबा उघडून धुतो आणि रेस ती स्वतः लावते, कारण दुसऱ्या दिवशी मूठ तिच्या हातात असणार असते.

पावसाळ्याचं तंत्र वेगळं. हिंदमाताला पाणी भरलं आणि गाडी त्यात बुडाली की फ्लोटच्या डब्यात पाणी जमतं. ते पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि जेटही तिथेच असतो. डबा उतरवून रिकामा केला, प्लग पुसला, इंजिनात पाणी शिरलं नसेल तर गाडी चालू होते. अशा रात्री परळच्या फुटपाथवर असे डबे उतरवणारे मेस्त्री मी पाहिले आहेत, गुडघाभर पाण्यात, दातात बॅटरी धरून.

नव्या गाड्यांना हे काही लागत नाही. २००६च्या ग्लॅमर एफआयपासून आपल्याकडे मोटरसायकलवर फ्युएल इंजेक्शन आलं. आकुर्डीच्या बजाजने २००७मध्ये पल्सर २२०वर ते बसवलं आणि २००९मध्ये त्याच गाडीवर पुन्हा कार्बोरेटर आणला. १ एप्रिल २०२०च्या बीएस-६ नियमांनी मात्र नव्या गाड्यांवरून कार्बोरेटर जवळपास उतरवलाच. तो निर्णय योग्य आहे. या शहराच्या फुप्फुसांना मोजून-मापून दिलेलं पेट्रोलच हवं. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांपुढे आता वेगळाच पेच आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, म्हणजे जुना जेट तोच ठेवला तर मिश्रण आपोआप पातळ होतं. संगणक असलेली गाडी हे ओळखून सावरते. मिकार्बला ते कुणीतरी सांगावं लागतं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबरी वॉशरना ते सोसत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात मी वॉशर आणि पेट्रोलची नळी बदलली, निडलची क्लिप एक खाच खाली घेतली आणि मेन जेट एक आकडा वरचा लावला. लालबागहून दादरपर्यंत जाऊन आलो. प्लग काढला. कडेला अजून किंचित पांढरा होता. काकांच्या काळातल्या काड्यापेटीत आत्ता लावलेल्या जेटहून मोठ्या आकड्याचा एक जेट आहे, या रविवारी तो लावून बघणार आहे.